घटसर्पाचा दुसरा घाव

घटसर्पाचा करडा पडदा कंठात धरला की बालकाचा श्वास कोंडतो, हे ब्रेतोनोने १८२६ साली या व्याधीचे वेगळेपण सिद्ध केले तेव्हापासून फ्रेंच वैद्यांना पुरते ठाऊक होते, आणि श्वासनलिका छेदून काही मुले वाचवलीही जात. परंतु कंठ मोकळा झालेले, ज्वर उतरलेले मूल दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात अंथरुणावर नुसते उठून बसताच निष्प्राण व्हावे, या आक्रिताचा उलगडा दीर्घकाळ झाला नाही. १८८४ साली लोफ्लरने जंतू वेगळा केला, तो घशापुरताच. हृदयात त्याचा मागमूस नव्हता. १८८८ साली रू आणि येर्सँ यांनी जंतू गाळून टाकलेला निव्वळ द्रव टोचून प्राणी मारून दाखवले, तेव्हा कोठे अपराधी ठरले ते जंतूचे विष. तेच रक्तावाटे जाऊन हृदयाचे स्नायू आणि स्पंदनवाहक तंतू नासवते.

१८९४ साली घोड्यांच्या रक्तातून काढलेल्या प्रतिविषाने पॅरिसच्या बालरुग्णालयातील मृत्यू शेकडा सुमारे ५० वरून २४ वर आले, ही वार्ता युरोपभर दुमदुमली, आणि ते योग्यच झाले, तथापि स्नायूत शिरून बसलेल्या विषावर त्या औषधाची हुकमत चालत नसल्याने, उशिरा दाखल झालेल्या मुलाला (खेळायला आसुसलेल्या मुलाला!) आठवडेच्या आठवडे उताणे निजवून ठेवण्याखेरीज वैद्याजवळ दुसरी तजवीज उरत नसे.