डावा पाय काय करतो?

गेले दोन महिने आमच्या घरात क्लचवरून वाद चालू आहे. बाबा एसटीत ड्रायव्हर होते. निवृत्त झाले तेव्हा पेन्शनच्या कागदांबरोबर डावा गुडघाही घरी घेऊन आले, तो आता पुरता झिजलाय. पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये क्लच दाबत बसणं बंद करा, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. इकडे मला माझी पहिली गाडी घ्यायचीय, आणि ती चालवायला मजा आली पाहिजे. पैसे एकाच गाडीचे, चालवणारे दोघं.

गंमत म्हणजे ऑटोमॅटिकच्या बाजूनं घरात फक्त आई आहे, आणि तिला गाडी चालवता येत नाही. बाबांचं म्हणणं, "गिअर आपण टाकायचा नाही, तर मग ड्रायव्हर कशाला म्हणायचं?" मनातून मीही त्यांच्याच बाजूचा. म्हणून आईला गप्प करायला पुरावे गोळा करू म्हटलं आणि रेसिंगचा इतिहास वाचायला बसलो. खरा ड्रायव्हर मॅन्युअलच चालवतो, हे तिथं नक्की सापडेल अशी खात्री होती.

पहिला धक्का अर्ल थॉम्पसन नावाच्या इंजिनिअरनं दिला. जुन्या गाड्यांत गिअर टाकणं म्हणजे कसरत असायची. आत फिरणाऱ्या दोन दात्यांचा वेग जुळला नाही तर करकर आवाज येऊन गिअर बाहेर. त्यासाठी डबल क्लच मारायचा: क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून जरा ॲक्सिलरेटर, पुन्हा क्लच आणि मग खालचा गिअर. थॉम्पसननं वेग आपोआप जुळवणारी सिंक्रोमेशची रचना शोधली, आणि 1928 साली ती कॅडिलॅकमध्ये आली. पुढे जनरल मोटर्समध्ये ज्या गटानं हायड्रामॅटिक हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स तयार केला, त्याचा प्रमुखही हाच माणूस. 1940च्या मॉडेलच्या ओल्ड्समोबिलमध्ये तो बसला. म्हणजे आज आपण ज्या मॅन्युअलचा अभिमान मिरवतो, तो सोपा करणारा आणि क्लचचं पेडलच काढून टाकणारा, दोन्ही एकच. हे बाबांना सांगितलं तर म्हणाले, "मग बरोबर आहे. डबल क्लच न मारता येणाऱ्यांना आम्ही ड्रायव्हर म्हणतच नव्हतो." त्यात मीही आलो, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही.

मग टेक्ससचा जिम हॉल. त्याच्या चॅपरल गाड्यांवर एक अख्खा लेख लिहिता येईल. 1960च्या दशकात यानं रेसिंग कारमध्ये टॉर्क कन्व्हर्टर बसवला. गिअर दांड्यानं ड्रायव्हरनंच बदलायचा, पण क्लचचं पेडल नाही. 1965 साली त्याची गाडी सेब्रिंगची 12 तासांची शर्यत जिंकली. 1966 साली फिल हिल आणि यो बोनिए यांनी चॅपरल 2डी घेऊन न्युर्बुर्गरिंगची 1000 किलोमीटरची शर्यत मारली, ती त्या जंगलातल्या, शेकडो वळणांच्या जुन्या ट्रॅकवर. घाटात ऑटोमॅटिक नको म्हणणाऱ्यांनी हे वर्ष लक्षात ठेवावं.

पण मला जास्त आवडली ती त्याच वर्षीची 2ई. क्लच गेल्यामुळे डावा पाय रिकामा झाला होता. हॉलनं त्याला नवीन काम दिलं. मागच्या चाकांच्या वर, उंच खांबांवर एक पंख बसवला आणि त्याचं पेडल डाव्या पायाखाली दिलं. सरळ रस्त्यावर पेडल दाबलं की पंख आडवा, हवेचा अडथळा कमी. वळणाआधी पाय उचलला की पंख तिरका, आणि गाडी रस्त्याला दाबून धरलेली. हलणाऱ्या पंखांवर पुढे बंदी आली, तो भाग वेगळा. आणि सगळं सुरळीत होतं असंही नाही. 1967च्या 2एफनं ब्रँड्स हॅचची शर्यत जिंकली खरी, पण एरवी अनेकदा तिचा गिअरबॉक्सच दगा द्यायचा.

फॉर्म्युला वनमध्ये हे यायला 1989 उजाडलं, आणि कारण ड्रायव्हरची सोय हे मुळीच नव्हतं. फेरारीचा डिझायनर जॉन बर्नार्ड याला गाडी पुढून अरुंद हवी होती. गिअरचा दांडा, तो हलवायला हाताला लागणारी जागा, तिथून मागच्या गिअरबॉक्सपर्यंत जाणारी सळई, हे सगळं त्याच्या आड येत होतं. त्यानं ते काढलं आणि स्टिअरिंगच्या मागे दोन पट्ट्या बसवल्या, एक गिअर चढवायला, दुसरी उतरवायला. क्लच आणि गिअर हलवायचं काम हायड्रॉलिक्स आणि इलेक्ट्रॉनिक्सचं. चाचण्यांत ही फेरारी 640 धड टिकत नव्हती. मार्च 1989 मध्ये ब्राझीलला पहिली शर्यत होती, आणि निम्म्या अंतरापर्यंत पोचली तरी पुष्कळ, अशी स्थिती होती. नायजेल मॅन्सेलनं फेरारीसाठीची आपली पहिलीच शर्यत जिंकली. नंतर कित्येक शर्यती अर्धवट सोडाव्या लागल्या. खापर गिअरबॉक्सवर फुटलं, पण खोट बऱ्याचदा त्याला वीज पुरवणाऱ्या अल्टरनेटरच्या पट्ट्यात होती.

मला हवा असलेला मॅन्युअलचा पुरावा शेवटी दोन वर्षांनी सापडला, तोही ब्राझीलमध्येच. 24 मार्च 1991, इंटरलागोस. आयर्टन सेना घरच्या मैदानावर कधीच जिंकला नव्हता. त्याच्या मॅक्लारेनला अजून दांड्याचा गिअर होता. मागून मॅन्सेल येत होता, आता विल्यम्समध्ये, पट्ट्यांचा गिअरबॉक्स घेऊन. मॅन्सेलचा गिअरबॉक्स गेला आणि तो थांबला. सेनाचाही गेला, पण तो थांबला नाही. एकेक गिअर निकामी होत शेवटच्या फेऱ्यांना फक्त सहावा उरला. सहाव्यात हळू वळण घेणं म्हणजे काय, हे टॉप गिअरमध्ये स्पीडब्रेकर ओलांडून पाहिलेल्या कुणालाही कळेल. वर पाऊस. रिकार्दो पात्रेसेच्या फक्त 2.991 सेकंद पुढे राहून तो जिंकला, आणि स्नायू इतके आखडले होते की लोकांनी त्याला गाडीतून बाहेर काढलं.

ही गोष्ट मी बाबांना मोठ्या उत्साहानं सांगितली. ते थोडा वेळ गुडघा चोळत बसले. मग म्हणाले, "पुढच्या वर्षी त्यानं कुठली गाडी चालवली?"

1992 मध्ये मॅक्लारेननंही दांडा काढून टाकला. दांड्याचा गिअर असलेली शेवटची फॉर्म्युला वन गाडी 1995 ची फोर्टी.

मात्र नियमांचा प्रवास पाहिला की एक गोष्ट दिसते, आणि माझ्या मते सगळ्या वादाचा गाभा तीच आहे. स्वतःच गिअर ठरवणाऱ्या पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्सवर 1994 पासून बंदी आली. 2001 मध्ये ती उठवली, 2004 पासून पुन्हा घातली. क्लच दाबायचं काम यंत्राला देऊन टाकायला कुणाची हरकत नव्हती. कुठला गिअर आणि कधी, हे ठरवायचं काम तेवढं माणसाकडे ठेवलं. आपण 'मॅन्युअल' म्हणतो तेव्हा ही दोन्ही कामं एकाच गाठोड्यात बांधतो.

तरी मन मानत नाही, हेही खरं. पोर्शनं 2013 मध्ये 911 जीटी3 फक्त ड्युअल क्लच गिअरबॉक्सवर आणली, तेव्हा चाहते खवळले. 2017 मध्ये मॅन्युअल परत द्यावा लागला. कंपनीच्याच आकड्यांनुसार शून्य ते शंभर किलोमीटरला मॅन्युअलला 3.9 सेकंद, ड्युअल क्लचला 3.4. अर्धा सेकंद हरायचा पर्याय लोक हौसेनं मागत होते. ट्रॅकवर घड्याळ असतं. रविवारी सकाळी ताम्हिणीत कुणी घड्याळ लावत नाही.

आपल्याकडे हे सगळं वेगळ्याच दारानं आलं. फेरारीच्या त्या गिअरबॉक्सच्या कामात मॅग्नेटी मरेली ही इटालियन कंपनी होती. 2014 मध्ये मारुती सेलेरिओत आलेल्या एएमटीचं तंत्रही तिचंच. मॅन्सेलपासून निघालेलं घराणं थेट भाजी आणायच्या गाडीत. फक्त एएमटीत क्लच एकच, त्यामुळे गिअर बदलताना गाडी क्षणभर मान टाकते. ड्युअल क्लचमध्ये पुढचा गिअर आधीच तयार असतो, म्हणून तो धक्का जवळजवळ जाणवत नाही. किमतीतला फरक मात्र चांगला जाणवतो.

गेल्या रविवारी मित्राची ड्युअल क्लच हॅचबॅक मागून आणली आणि बाबांना दिवे घाटात नेलं. चढताना ते गप्प होते. वरून फिरून उतरायला लागलो तेव्हा गाडीनं स्वतःहून वरचा गिअर घेतला, आणि बाबा चिडले. "उतारावर वर कशाला जातेय ही? ज्या गिअरात चढलो त्याच गिअरात उतरायचं, एवढं कळत नाही हिला?" ब्रेक तापवत घाट उतरणाऱ्यांबद्दल त्यांचं मत मी लहानपणापासून ऐकत आलोय. मी दांडा बाजूला सरकवायला सांगितला, अधिक-उणे खुणांच्या बाजूला. त्यांनी एकदा मागे खेचला. तिसरा. पुन्हा खेचला. दुसरा. इंजिनानं आवाज चढवला, गाडी धरली गेली, आणि पुढची तीन वळणं त्यांनी ब्रेकला जेमतेम स्पर्श केला.

मी खाली पाहिलं. प्रत्येक गिअरला त्यांचा डावा पाय मॅटवर दाबला जात होता.

घाट संपल्यावर म्हणाले, "ह्याचे हप्ते किती बसतील?"