वैमानिकाचा क्रमांक

विमानांत जाऊन बसलेल्या उतारूला पुढच्या काचेमागें बसलेल्या दोघांविषयीं कांहींच माहिती नसते, आणि ती असावी अशी त्याची अपेक्षाहि नसते. तिकिटावर कंपनीचें नांव वाचावें, विमानाच्या शेपटावर तेंच नांव रंगविलेलें पाहावें आणि निश्चिंत मनानें पट्टा आवळून बसावें, एवढेंच त्याचें काम. परंतु अमेरिकेंत या नांवाआड एक निराळीच सृष्टि आहे. विमानावर नांव मोठ्या कंपनीचें, आणि तें चालविणारे दोघे मात्र भलत्याच एका प्रादेशिक कंपनीचे नोकर, असा प्रकार तेथें रोज हजारों वेळां घडतो. त्या लहान कंपनींतून मोठ्या कंपनींत केव्हां जावें, हा तेथील वैमानिकाच्या आयुष्यांतील सर्वांत अवघड हिशेब असतो. या हिशेबाचा पूर्वेतिहास आज मी आपणांपुढें मांडणार आहें.

हिशेब अवघड कां, तें आधीं सांगितलें पाहिजे. एखादा निष्णात डॉक्टर एका रुग्णालयांतून दुसऱ्या रुग्णालयांत गेला तर आपला अनुभव आणि मान बरोबर घेऊन जातो. वैमानिकाचें तसें नाहीं. प्रादेशिक कंपनींत बारा वर्षें काढलेला कॅप्टन मोठ्या कंपनींत शिरला, कीं त्या दिवशीं तो तेथील यादींत अगदीं शेवटचा होतो, आणि उजव्या हाताच्या खुर्चींत सहवैमानिक म्हणून पुन्हां बसतो. कोणतें विमान चालवावयाचें, कोणत्या शहरीं ठाणें ठेवावयाचें, रात्रीचीं उड्डाणें कोणीं करावयाचीं, नाताळांत घरीं कोणीं राहावयाचें, कॅप्टन केव्हां व्हावयाचें, आणि मंदी आली तर प्रथम कोणीं घरीं बसावयाचें, हें सारें यादींतील क्रमांकावरून ठरतें. परीक्षांत उत्तीर्ण होण्यापुरता कौशल्याचा त्यांत संबंध येतो, पुढें नाहीं. एकाच दिवशीं रुजू झालेल्या मंडळींत वरचा कोण, याचा निवाडा पुष्कळ ठिकाणीं वयावरून करतात. कांहीं ठिकाणीं तर तो सरकारी ओळखक्रमांकाच्या शेवटच्या आंकड्यांवर सोंपविलेला असतो.

हा नियम अविचारानें झालेला नाहीं. १९१९ सालच्या जुलैंत न्यूयॉर्कजवळ बेल्मॉन्ट पार्क येथें दाट धुक्यांत उडण्यास दोन टपालवैमानिकांनीं नकार दिला. टपालखात्यानें त्यांना कामावरून काढलें आणि बाकीच्यांनीं संप केला. उडावें कीं न उडावें हें धुकें डोळ्यांनीं पाहणाऱ्यानें ठरवावयाचें, कीं कचेरींत बसलेल्या साहेबानें, असा तो वाद होता. पुढें १९२५ सालच्या केली कायद्यामुळें टपाल विमानानें नेण्याचें काम खासगी कंपन्यांना कंत्राटानें मिळूं लागलें, आणि वैमानिकाची नोकरी मालकाच्या मर्जीवर आली. मंदीच्या काळांत ती मर्जी फार महाग पडूं लागली. १९३१ च्या जुलैंत डेव्हिड बेंकी या वैमानिकाच्या पुढाकारानें शिकागो येथें वैमानिकांचा संघ स्थापन झाला. दुसऱ्याच वर्षीं मोटारींचा कारखानदार एरेट कॉर्ड याच्या सेंच्युरी एअरलाइन्सनें पगारांत मोठी कपात केली, आणि वैमानिकांनीं ती नाकारतांच त्यांच्या जागीं दुसरे आणले.

यानंतर घटना भराभर घडल्या. १९३४ च्या मे महिन्यांत सरकारी कामगार मंडळाच्या ८३ व्या निर्णयानें महिन्याला ८५ तासांची मर्यादा घातली. १९३६ सालीं आगगाडीच्या कामगारांचा कायदा विमानकंपन्यांनाहि लागू झाला. आणि १९३९ सालीं संघानें अमेरिकन एअरलाइन्सशीं पहिला सामुदायिक करार केला. कायदा आगगाडीवाल्यांचा आला, तशी रीतिहि त्यांचीच आली. इंजिन-ड्रायव्हरांच्या जुन्या संघटनांनीं ज्येष्ठतेची यादी कित्येक वर्षें आधींच पवित्र मानली होती. साहेबाचा लाडका कोण आणि नावडता कोण, हा प्रश्नच त्या यादीनें निकालांत काढला. धुक्यांत उडण्यास नकार देणाऱ्याची बढती त्यामुळें अडविणें कठीण झालें. माझ्या मतें उतारूंच्या सुरक्षिततेला या यादीनें जेवढा हातभार लावला, तेवढा थोड्याच यंत्रांनीं लावला असेल. मात्र एक गोष्ट त्यांत राहून गेली. ही ज्येष्ठता त्या त्या कंपनीपुरती होती, धंद्याची नव्हती. कुंपणाच्या आंत तिनें न्याय दिला. कुंपण ओलांडणाऱ्याच्या पदरीं कांहींच ठेविलें नाहीं.

सुरुवातीला ही उणीव कोणाला फारशी बोंचली नाहीं. १९३८ च्या कायद्यानें विमानमार्गांवर सरकारी नियंत्रण आलें आणि सोळा मोठ्या कंपन्यांचे हक्क कायम झाले. लहान गांवांसाठीं १९४५ पासून निराळ्या स्थानिक कंपन्यांना परवाने मिळूं लागले. युद्धांतून मोकळीं झालेलीं एकवीस-चोवीस आसनांचीं डी. सी. ३ विमानें त्यांनीं घेतलीं. यांपैकीं पीडमाँट कंपनी १९४८ सालीं उतारू नेऊं लागली आणि १९८७ सालीं तिचीं विमानें शार्लटहून लंडनला जाऊं लागलीं! १९६० च्या सुमारास तेथें लागलेला तरुण जागचा न हलतां डी. सी. ३ च्या पंखांवरून अटलांटिकपलीकडे पोहोंचूं शकला. त्या पिढींत लहान कंपनींतच चिकटून राहणें हीच पुष्कळदां उत्तम योजना ठरली, आणि ती कोणीं आखली नव्हती.

हें चित्र पालटण्यास सुरुवात झाली ती एका क्षुल्लक दिसणाऱ्या व्यवस्थेनें. १९६७ सालीं ॲलेघेनी कंपनीनें मेरिलंडमधील हेगर्सटाउन या गांवची आपली तोट्याची सेवा हेन्सन नांवाच्या छोट्या कंपनीकडे सोंपविली. नांव मात्र ॲलेघेनीचेंच ठेविलें. १९७८ च्या ऑक्टोबरांत सरकारी नियंत्रण उठल्यावर ही युक्ति सर्वांनीं उचलली. मोठ्या कंपन्यांनीं ठराविक केंद्रें केलीं आणि आसपासच्या गांवांहून तेथें उतारू आणण्याचें काम स्वस्त पगाराच्या लहान कंपन्यांना दिलें. १९९३ पासून कॉमएअर कंपनीचीं पन्नास आसनांचीं जेट विमानें उडूं लागलीं, तेव्हां मोठ्या कंपन्यांच्या वैमानिकांना भीति पडली, कीं असेंच चाललें तर आपलें कामहि तिकडे जाईल. बाहेरच्या कंपनीनें किती आसनांपर्यंतचें विमान चालवावें याची मर्यादा त्यांनीं आपल्या करारांत घालून घेतली. ती पन्नासावरून सत्तर, पुढें शहात्तर अशी हळूहळू सैल होत गेली. पगार कमी ठेवणाऱ्या मालकांइतकीच आपल्या कुंपणाला कांटे लावणाऱ्या संघांचीहि जबाबदारी येथें सांगितली पाहिजे. दोन निरनिराळे वर्ग त्यांतून कायम झाले.

आणि कुंपणाच्या दाराशीं उभे राहूनहि ज्यांना आंत घेतलें नाहीं, त्यांचें काय? १९३४ सालीं हेलेन रिची यांना सेंट्रल एअरलाइन्सनें सहवैमानिक नेमलें. वैमानिकांच्या संघानें त्यांना सभासद करून घेतलें नाहीं आणि सरकारी खात्यानें त्यांनीं वाईट हवेंत उडूं नये असें सुचविलें. वर्षभरांत त्या नोकरी सोडून गेल्या. मार्लन ग्रीन या कृष्णवर्णीय वायुदलाच्या वैमानिकानें १९५७ सालीं काँटिनेंटल कंपनीकडे अर्ज केला. त्याच्याहून कमी अनुभवाचे गोरे वैमानिक घेतले गेले. वर्णभेदाविरुद्धचा त्याचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, १९६३ सालीं निकाल एकमतानें त्याच्या बाजूनें लागला, आणि १९६५ सालीं तो उडूं लागला. ज्या धंद्यांत एका दिवसाच्या विलंबानें माणूस जन्मभर दुसऱ्याच्या खालीं राहतो, तेथें आठ वर्षें म्हणजे काय, याची कल्पना श्रोत्यांनींच करावी. एमिली हॉवेल यांना फ्राँटियर कंपनीनें १९७३ सालीं घेतलें, तोंपर्यंत त्यांनीं स्वतः उडावयास शिकविलेले किती तरी तरुण विमानकंपन्यांत रुजू झाले होते.

आतां प्रादेशिक कंपनींतील सामान्य वैमानिकाकडे वळूं. टर्बाइन विमानावर कॅप्टन म्हणून एक हजार तास, हें मोठ्या कंपन्यांचें दीर्घकाळ मुख्य माप होतें. कॅप्टन होण्यास लहान कंपनींतहि ज्येष्ठता लागते. म्हणून शहाणा तरुण घराजवळची किंवा बऱ्या पगाराची कंपनी न निवडतां, जेथें वरचे लोक भराभर सोडून जातात अशी कंपनी निवडी. मग ते हजार तास भरतात, तेव्हां त्याला दुसरा पेंच पडतो. एव्हांना तो यादींत वर आलेला असतो, पगार बरा असतो, मुलें शाळेंत जाऊं लागलेलीं असतात. या वेळीं उठावें तर पगार उतरतो आणि रात्रपाळी पुन्हां सुरू होते. न उठावें तर त्या वर्षीं मोठ्या कंपनींत शिरलेला प्रत्येक जण कायमचा त्याच्या वर बसतो.

बरें, एवढा हिशेब करूनहि जगाची चाल आपल्या हातीं नसते. १९९७ सालीं अमेरिकन एअरलाइन्स आणि तिची प्रादेशिक शाखा ईगल यांच्यांत करार झाला, कीं ईगलच्या कॅप्टनांनीं क्रमानें वर वाहत जावें. पण ११ सप्टेंबर २००१ नंतर मोठ्या कंपनींतून घरीं बसविलेले वैमानिक त्याच वाटेनें खालीं आले आणि ईगलच्या कॅप्टनांना आपलीं आसनें सोडावीं लागलीं. तें दशक संपण्यापूर्वींच, १३ डिसेंबर २००७ रोजीं निवृत्तीचें वय साठांवरून पासष्टावर गेलें. १९६० पासून चालत आलेली मर्यादा एका सहीनें हलली, आणि खालच्या सर्वांना आणखी पांच वर्षें थांबावें लागलें. वरच्यांना मात्र तो वर वाटला. कित्येकांचीं निवृत्तिवेतनें कंपन्यांच्या दिवाळखोरींत बुडालेलीं होतीं.

दोन कंपन्या एक झाल्या तर दोन याद्यांची एक कशी करावयाची, हा आणखी एक पेंच. यू. एस. एअरवेज आणि अमेरिका वेस्ट यांचें २००५ सालीं एकीकरण झालें. घरीं बसविलेल्या जुन्या नोकरांना यादीच्या तळाशीं घालण्याचा लवादाचा निर्णय २००७ सालीं आला, आणि त्यावरून संघ फुटला व खटले वर्षानुवर्षें चालले. आपल्याकडे त्याच २००७ सालीं एअर इंडिया व इंडियन एअरलाइन्स एकत्र आल्या, तेव्हां हेंच दुखणें उद्भवलें. २०११ व २०१२ मध्यें वैमानिकांचे संप झाले, आणि ज्येष्ठता व वेतनाचा गुंता सोडविण्यासाठीं न्यायमूर्ति धर्माधिकारी यांची समिति नेमावी लागली. मुंबईच्या विमानतळावर त्या दिवसांत ताटकळलेल्या पुष्कळांना मूळ भांडण एका यादीचें आहे, याची दाद नसावी.

या व्यवस्थेची किंमत उतारूंनाहि द्यावी लागते, हें १२ फेब्रुवारी २००९ च्या रात्रीं दिसलें. नेवार्कहून बफेलोला जाणारें कोल्गन एअर कंपनीचें विमान, ज्यावर काँटिनेंटलचें नांव होतें, तें एका घरावर कोसळून पन्नास माणसें मेलीं. वेग उतरल्याचा इशारा मिळतांच कॅप्टननें नेमकी उलट हालचाल केली, असें चौकशींत ठरलें. सहवैमानिक युवती आदल्या रात्रीं सिॲटलहून, म्हणजे देशाच्या दुसऱ्या टोंकाहून, मालवाहू विमानांतून कामावर आलेली होती. मृतांच्या नातेवाइकांनीं चिकाटीनें पाठपुरावा केला आणि २०१० सालीं कायदा झाला. २०१३ पासून सहवैमानिकालाहि सामान्यतः १,५०० तासांचा अनुभव आवश्यक झाला, पूर्वीं अडीचशें पुरत असत. त्या रात्रींच्या दोघांचेहि तास दीड हजारांहून अधिकच होते! नियमाचा नेम थोडा बाजूला लागला, असें मला वाटतें. पण त्यामुळें वैमानिक दुर्मिळ झाले, आणि २०२० च्या महामारींत पुष्कळ वृद्ध मंडळी मुदतीआधींच निवृत्त झाल्यावर तर मोठ्या कंपन्या लहानांतून माणसें ओढूं लागल्या. २०२२ च्या जूनमध्यें अमेरिकनच्या प्रादेशिक शाखांनीं नव्या सहवैमानिकाचा पगार तासाला नव्वद डॉलरपर्यंत नेला. पूर्वींच्या पिढ्यांनीं जन्मभर मागूनहि जें मिळालें नाहीं, तें असें अचानक पदरांत पडलें.

तरी यादी आहे तेथेंच आहे. मोठ्या कंपनींत नुकताच रुजू झालेला वैमानिक, चाळिशीचा असो कीं पंचविशीचा, पहिल्या आठवड्यांतच आपल्या वरच्यांच्या जन्मतारखा मांडून बसतो आणि कोणत्या वर्षीं किती जण पासष्टीला पोहोंचतात हें मोजून आपण कोणत्या विमानावर, कोणत्या शहरीं, कितव्या वर्षीं कॅप्टन होऊं याचें कोष्टक तयार करतो.