खोट्या नांवाचीं घड्याळें

सनदा व हस्तलिखितें यांच्या परीक्षेंत मुरलेल्या वाचकांस घड्याळांचा विषय परका वाटेल. परंतु घड्याळ हेंही एक साधनच होय. त्यावर कर्त्याचें नांव, गांव व पुष्कळदां अनुक्रमांक कोरलेला असतो. जेथें नांवास किंमत येते तेथें बनावट नांवही उपजतें, हा नियम सनदांस जितका लागू तितकाच घड्याळांस. हल्लीं घड्याळांचा नवा शौकीन कित्येकदां एखाद्या बड्या नांवाच्या घड्याळाची हुबेहूब नक्कल स्वस्तांत घेऊन आरंभ करितो. हें योग्य कीं अयोग्य, याचा विचार इतिहासाच्या आधारें करावा, एवढाच प्रस्तुत टिपणाचा हेतु आहे.

सतराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या घड्याळांची कीर्ति युरोपभर पसरली होती. थॉमस टॉम्पियन (१६३९–१७१३) हा तेथील अग्रगण्य कारागीर. त्याचें नांव कोरलेलें एक बनावट घड्याळ दुरुस्तीस आलें असतां त्यानें तें हातोड्यानें फोडलें व गिऱ्हाइकाच्या हातीं स्वतःचें घड्याळ ठेविलें, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेस आम्ही पुरावा मानीत नाहीं. परंतु १६९८ चा इंग्रजी कायदा हा पुरावा आहे. रिकाम्या डब्या व तबकड्या परदेशीं नेऊन त्यांत निकृष्ट यंत्रें बसवीत आणि तीं घड्याळें लंडनचीं म्हणून विकीत. सबब यंत्रावांचून अशा डब्या बाहेर पाठविण्यास मनाई झाली व प्रत्येक घड्याळावर कर्त्याचें नांव व गांव कोरणें आवश्यक ठरलें.

कायद्यानें कपट थांबलें नाहीं. अठराव्या शतकांत ‘लंडन’ असें कोरलेलीं जीं असंख्य घड्याळें बाजारांत आलीं, त्यांतील पुष्कळशीं जिनीव्हाकडील कारागिरांचीं होतीं. संग्राहक त्यांस ‘डच बनावटी’ म्हणतात. त्यांवरील टार्ट्स, विल्टर इत्यादि नांवें जाणकार कल्पित मानतात. परीक्षेची खूण यंत्रांतच आहे. तोलचक्रावरील नक्षीदार आच्छादन त्या काळच्या इंग्रजी घड्याळांत एकाच पायावर बसविलेलें असतें. या घड्याळांत तें पुलाप्रमाणें दोन पायांवर असतें. शिवाय तबकडीवरील मिनिटांचें वर्तुळ कमानीकमानींचें असतें, तें हॉलंडच्या आवडीचें. शिक्का बिनचूक, पण अक्षराचें वळण दगा देतें, असा जो अनुभव मोडी पत्रांत येतो तोच हा.

पॅरिसच्या ब्रेगे (१७४७–१८२३) यानें १७९५ च्या सुमारास गुप्त सहीचा उपाय योजिला. तबकडीवर बाराच्या आंकड्याजवळ ती इतकी सूक्ष्म कोरीत कीं उजेड तिरपा पडला तरच दिसावी. पत्रास मोर्तब तशी ही सही. तिच्याहूनही बळकट पुरावा म्हणजे त्याच्या पेढीच्या जपून ठेविलेल्या जुन्या विक्रीवह्या; त्यांत घड्याळाचा अनुक्रमांक व गिऱ्हाइकाचें नांव ताडून पाहतां येतें.

आतां आजच्या नवशिक्याकडे वळूं. तो म्हणतो, “घड्याळ खोटें आहे हें मला ठाऊक आहे, मग मी कोणास फसवितों?” प्रश्न प्रामाणिक आहे. परंतु वस्तु धन्याहून अधिक जगते, आणि धन्याचें ज्ञान तिच्याबरोबर जात नाहीं. आपल्या दप्तरांत नकला विपुल आहेत. माथ्यावर ‘नक्कल’ किंवा ‘तालिक’ असें लिहिलेलें असतें, म्हणून मूळ हरवलें तरी त्यांवर विसंबतां येतें. तो शब्द खरवडून काढला कीं नकलेचें कपट होतें. दुसऱ्याचें नांव धारण करणारें घड्याळ हें असें शब्द खरवडलेलें पत्र होय. प्रसिद्ध घड्याळाचें वळण उचलून स्वतःचेंच नांव घालणारीं घड्याळें निराळीं. त्यांस आमचा आक्षेप नाहीं. खोटें व्यापारचिन्ह लावलेला माल विकणें हा भारतांत १९९९ च्या कायद्यान्वयें गुन्हाही आहे.

‘डच बनावटी’ आज संग्रहांत मानानें ठेवितात, असा आक्षेप कोणी घेईल. परंतु तो मान त्यांस ‘बनावट’ हें खरें नांव मिळाल्यावरच लाभला. तत्पूर्वीं त्यांनीं लंडनच्या कारागिरांची कीर्ति खाल्ली.

मग थोड्या पैशांत आरंभ कसा करावा? बंगळूर येथें १९६१ सालीं सिटिझन या जपानी कंपनीच्या साहाय्यानें एच. एम. टी. चा घड्याळांचा कारखाना निघाला. २०१६ सालीं सरकारनें तो उद्योग बंद करण्याचा निर्णय घेतला. त्याचीं किल्लीचीं जुनीं घड्याळें सामान्यास परवडतात. तेथेंही सावध असावें. जुन्या यंत्रावर नवी रंगविलेली तबकडी चढवून विकण्याची चाल आपल्या मुंबईच्याच नांवानें परदेशच्या संग्राहकांत प्रसिद्ध आहे. सबब विश्वासू घड्याळजीकडून मागील झांकण उघडवून यंत्र पाहावें, तबकडीवरील अक्षरें भिंगाखालीं धरावीं, व मगच पैसे मोजावे. लहान पण अस्सल पत्रानें ज्याचें दप्तर सुरू होतें, त्याचीच नजर पुढें मोठ्या सनदेच्या परीक्षेस तयार होते.