वसंताचा उंबरठा : परभणीचा पाडवा आणि केल्टिक बेल्टेन

फाल्गुन सरत आला की परभणी जिल्ह्यातील शिवार रिकामे होऊ लागते. रब्बीची ज्वारी काढून झालेली असते, हरभरा घरात आलेला असतो आणि काळ्या जमिनीला भेगा पडू लागतात. नेमक्या याच दिवसांत बांधावरचा पळस पर्णहीन फांद्यांवर केशरी फुलांनी पेटतो, कडुनिंबाला तांबूस पालवी फुटते आणि आंब्याच्या मोहरात बारीक कैऱ्या दिसू लागतात. जमीन उघडी आणि झाडे बहरलेली, असे गोदाकाठच्या वसंताचे रूप आहे. या ऋतूचे स्वागत येथे होळी आणि गुढीपाडवा या दोन सणांनी होते. युरोपच्या वायव्य टोकाला आयर्लंड व स्कॉटलंडमधील प्राचीन केल्टिक समाजही वसंताचे स्वागत अग्नी पेटवूनच करीत असे. या दोन परंपरांचा परस्परांशी थेट संबंध जोडता येत नाही. तथापि त्या शेजारी ठेवून पाहिल्या तर वसंतोत्सवाचा आध्यात्मिक अर्थ अधिक स्पष्ट होतो.

केल्टिक वर्षाचे चार खांब

ख्रिस्तपूर्व आयर्लंडमधील वर्ष चार सणांवर उभे होते. १ नोव्हेंबरच्या सुमारास साउइन, १ फेब्रुवारीला इंबोल्क, १ मे रोजी बेल्टेन आणि १ ऑगस्टला लुनासा. यांपैकी इंबोल्क हा वसंताच्या चाहुलीचा आणि बेल्टेन हा वसंताच्या पूर्णत्वाचा सण होय. द्रुइड या पुरोहितवर्गाने आपले धर्मविचार लिहून ठेवले नाहीत. त्यामुळे आयर्लंडमधील या सणांची माहिती प्रामुख्याने पुढील काळातील ख्रिस्ती मठांत लिहिल्या गेलेल्या ग्रंथांतून आणि लोकाचारांतून मिळते. आज युरोप-अमेरिकेत ‘पेगन’ म्हणून ओळखले जाणारे उपासक आठ सणांचे जे वर्षचक्र पाळतात, त्याची मांडणी विसाव्या शतकातील आहे. एडिंबरोच्या कॅल्टन टेकडीवरील बेल्टेनचा अग्निउत्सवही १९८८ मध्ये नव्याने सुरू झाला.

दोन पंचांगांतील साम्य

फ्रान्समधील कोलिन्यी या गावी १८९७ मध्ये एका कांस्यपटाचे तुकडे सापडले. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील हा पट म्हणजे गॉल प्रदेशातील केल्टिक लोकांचे पंचांग होते. त्यात महिने चंद्राचे, परंतु वर्षाचा मेळ सूर्याशी घातलेला आहे. प्रत्येक महिन्याचे दोन भाग पाडले आहेत आणि पाच वर्षांत दोन अधिक महिने धरून एकूण ६२ महिने मोजले आहेत. वेदांग ज्योतिषातील पाच वर्षांच्या युगातही दोन अधिक मासांसह ६२ चांद्रमासच येतात. एकाच आकाशाकडे पाहून, ऋतू आणि तिथी यांची फारकत होऊ नये म्हणून केलेली ही तरतूद आहे. सण योग्य ऋतूतच यावा हा आग्रह दोन्हीकडे सारखा होता. कारण सण चुकला तर पेरणी, चराई आणि देणीघेणी यांचाही काळ चुकतो.

माघ : प्रतिभेची देवता

इंबोल्कच्या आसपासच आपल्याकडे माघ शुद्ध पंचमी, म्हणजे वसंतपंचमी येते. हा दिवस सरस्वतीपूजनाचा मानला जातो. पंढरपुरात याच दिवशी विठ्ठल-रुक्मिणीचा विवाहसोहळा होतो. इंबोल्कची अधिष्ठात्री ब्रिजिड ही होय. इसवी सन ९०० च्या सुमारास सिद्ध झालेल्या ‘कॉर्मॅकच्या कोशा’त ती कवींची आराध्य देवता असल्याचे म्हटले असून, तिच्या दोन बहिणी वैद्यक आणि लोहारकाम यांच्या देवता असल्याची नोंद आहे. याच कोशात इंबोल्कचा संबंध मेंढ्यांना दूध येण्याच्या काळाशी जोडला आहे. हिवाळ्यातील साठा संपत आलेल्या घराला पहिले दूध मिळणे हा जीवनाचा पुनर्लाभच होता. पुढे ब्रिजिड हे नाव ख्रिस्ती संत म्हणूनही पूजिले गेले. तिच्या पर्वाच्या रात्री घराबाहेर कापड ठेवून ते तिच्या स्पर्शाने पावन होते असे मानण्याची प्रथा आयर्लंडमध्ये रूढ झाली. २०२३ पासून तेथे या संतदिनानिमित्त सार्वजनिक सुटी दिली जाते.

फाल्गुन : सामायिक अग्नी

महाराष्ट्रातील फाल्गुनोत्सव जुना आहे. सातवाहन राजा हाल याच्या नावे असलेल्या ‘गाथासप्तशती’ या महाराष्ट्री प्राकृत संग्रहात त्याचे उल्लेख आढळतात. परभणी जिल्ह्यातील गावागावांत फाल्गुन पौर्णिमेला गोवऱ्या व लाकडे रचून होळी पेटविली जाते, तिला पुरणपोळीचा नैवेद्य दाखविला जातो आणि नारळ अर्पण केला जातो. होळीच्या आगीवर तापविलेल्या पाण्याने स्नान केले असता उन्हाळ्याची बाधा होत नाही, अशी श्रद्धा आहे. बंजारा तांड्यांवर होळीला विशेष महत्त्व आहे. तेथे लेंगी गीते गाईली जातात आणि वर्षभरात जन्मलेल्या बालकासाठी ‘धुंड’ हा विधी होतो. नव्या जिवाला समाजाने आपल्यात सामावून घेण्याचा तो सोहळा असतो.

बेल्टेनचा अग्नीही असाच सामायिक होता. द्रुइड दोन अग्नी पेटवून त्यांच्यामधून गुरे नेत, त्यामुळे त्या वर्षाच्या रोगांपासून गुरांचे रक्षण होते असे मानीत, ही नोंद कॉर्मॅकच्या कोशातच आहे. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात त्या दिवशी घरोघरची चूल विझवून ती सामायिक अग्नीतील निखाऱ्याने पुन्हा पेटविण्याची रीत होती. तिच्यातील आशय लक्षणीय आहे. वर्षभर जो तो आपापल्या चुलीपुरता जगतो. ऋतू पालटताना मात्र सर्वांच्या चुलीत एकच अग्नी यावा लागतो.

चैत्र : गुढी आणि कडुनिंब

चैत्र शुद्ध प्रतिपदेला शालिवाहन शकाचे नवे वर्ष सुरू होते. इसवी सन ७८ पासून मोजल्या जाणाऱ्या या शकाचा संबंध परंपरा पैठणच्या शालिवाहनाशी जोडते. पैठणहून पुढे वाहणारी गोदावरी परभणी जिल्ह्यात येते आणि संत जनाबाईंचे जन्मगाव असलेल्या गंगाखेडला स्पर्शून पूर्वेकडे जाते. या दिवशी दारी उभारलेल्या गुढीला वस्त्र, कडुनिंबाचा डहाळा, आंब्याची पाने, फुलांची माळ व साखरेची गाठी बांधून वर तांब्या पालथा घातला जातो. सूर्यास्तापूर्वी ती उतरविली जाते. कडू पाला आणि गोड गाठी एकाच काठीवर बांधण्यात येणाऱ्या वर्षाची संपूर्ण कल्पना सामावली आहे. कडुनिंबाची कोवळी पाने गुळासह वाटून खाल्ल्यावरच गोडाधोडाचे जेवण होते. नव्या वर्षाचा पहिला घास कडू असतो. पुढे येणारे दिवस सोपे नाहीत, हे हा सण लपवीत नाही.

मराठवाड्यात पाडव्याला आणखी एक अर्थ आहे. सालगड्याचे साल या दिवसापासून धरले जाते. वर्षभराची रक्कम, धान्य, कपडे आणि उचल यांचा ठराव याच सुमारास होतो, जुना हिशेब मिटतो किंवा पुढे ओढला जातो. यंत्रांच्या प्रसारामुळे ही पद्धत आता पूर्वीइतकी राहिलेली नसली तरी भूमिहीन कुटुंबाच्या दृष्टीने पाडवा म्हणजे पुढील बारा महिन्यांच्या भाकरीचा निर्णय असे. आयर्लंडमध्येही मे आणि नोव्हेंबर हे जमिनीचा खंड भरण्याचे महिने होते. उत्तरेकडील अल्स्टर प्रांतात याच दोन महिन्यांत मजूर ठरविण्याचे बाजार भरत. देवाणघेवाणीचा शब्द देवाच्या आणि गावाच्या साक्षीने दिला जावा, ही अपेक्षा सणाच्या दिवसामागे असावी.

एक ऋतू, दोन भये

येथपर्यंत साम्य आहे. भेद मात्र अधिक मोलाचा आहे. केल्टिक वसंत अंधाऱ्या, थंड हिवाळ्यातून सुटका घेऊन येतो. बेल्टेननंतर गुरे हिरव्या कुरणांवर जातात, म्हणून तेथील अग्नी सूर्याला साद घालतो. परभणीत पाडव्यानंतर सूर्य स्वतःच परीक्षा घेऊ लागतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो, विहिरी तळ गाठतात. तेव्हा रब्बी ज्वारीचा कडबा रचून ठेवलेली गंजीच पावसाळ्यापर्यंत जनावरांना तारते. परभणीच्या कृषी विद्यापीठाने विकसित केलेल्या ‘परभणी मोती’सारख्या रब्बी वाणांत धान्याबरोबर कडब्याचेही महत्त्व मानले जाते ते याचमुळे. २०१६ मध्ये ८ एप्रिलला गुढ्या उभारल्या गेल्या आणि चारच दिवसांनी, १२ एप्रिलला, शेजारच्या लातूर शहरात मिरजेहून पाण्याची रेल्वेगाडी येऊन पोहोचली. वसंताचे स्वागत आणि पाण्याची चिंता येथे अशी एकाच आठवड्यात नांदते.

भगवद्गीतेच्या दहाव्या अध्यायात श्रीकृष्ण ऋतूंमध्ये आपण वसंत असल्याचे सांगतो. हा वसंत केवळ फुलांचा मानला तर परभणीच्या शिवारात तो अपुरा वाटेल. पाऊस नसताना, जमीन तडकलेली असताना, पळस आणि कडुनिंब खोलवरच्या ओलाव्यावर नवी पालवी धरतात. दिसत नसलेल्या आधारावर भिस्त ठेवून फुलणे हा या ऋतूचा आध्यात्मिक धडा आहे. आयर्लंडच्या धनगराने विझविलेली चूल आणि मराठवाड्याच्या शेतकऱ्याने खाल्लेला कडू पाला यांत तोच भाव दिसतो. जवळचे सोडून द्यावे, येणारे स्वीकारावे आणि हा उंबरठा एकट्याने ओलांडू नये.

म्हणूनच होळीसाठी लाकडे घराघरांतून गोळा होतात आणि गुढी घराच्या आत न उभारता दारी, सर्वांना दिसेल अशी उभारली जाते. ज्या गावात पाडव्याच्या ठरावात सालगड्याला न्याय मिळतो, गंजीतला कडबा अडलेल्या शेजाऱ्याच्या गोठ्यापर्यंत पोहोचतो आणि पाणवठा सर्वांना मोकळा राहतो, त्या गावात वसंताचे स्वागत खऱ्या अर्थाने झाले असे म्हणता येईल.