हर्झोगला कोणी मारले? एका रबरी शिक्क्याचा इतिहास (थ्रेड)

१/
१९७५ च्या अखेरीस ब्राझीलमध्ये एक क्रुझेइरोच्या काही नोटांवर तीन शब्दांचा शिक्का उमटलेला दिसू लागला : 'केम मातो हर्झोग?' म्हणजे 'हर्झोगला कोणी मारले?' खाली ना सही, ना पक्षाचे नाव. वृत्तपत्रांनी जे उघड विचारणे धोक्याचे होते, ते चलनी नोट विचारत होती.

२/
पार्श्वभूमी पाहू. १९६४ मध्ये ब्राझीलच्या लष्कराने सत्ता बळकावली. १३ डिसेंबर १९६८ रोजी 'संस्थात्मक अधिनियम क्रमांक ५' जारी झाला. संसद बंद पडली, राजकीय गुन्ह्यांसाठी हेबियस कॉर्पसचा अधिकार निलंबित झाला आणि वृत्तपत्रांवर सेन्सॉरची पकड घट्ट झाली.

३/
'ओ एस्तादो दे साओ पाउलो' या दैनिकाने कापलेल्या बातम्यांच्या जागी सोळाव्या शतकातील पोर्तुगीज महाकवी कामोंइश याच्या काव्यपंक्ती छापल्या. बातम्यांच्या पानावर मध्येच महाकाव्य आले की सुज्ञ वाचक समजून घेत : येथे काहीतरी दडपले गेले आहे.

४/
व्लादिमिर हर्झोग यांचा जन्म १९३७ मध्ये युगोस्लाव्हियात, ज्यू कुटुंबात झाला. नाझींच्या छळातून निसटून हे कुटुंब ब्राझीलला पोहोचले. पुढे हर्झोग नामवंत पत्रकार झाले. १९७५ मध्ये ते साओ पाउलोच्या 'टीव्ही कुल्तुरा' या सार्वजनिक वाहिनीच्या वृत्तविभागाचे प्रमुख होते.

५/
बंदी असलेल्या कम्युनिस्ट पक्षाशी संबंध असल्याच्या संशयावरून त्यांना बोलावणे आले. २५ ऑक्टोबर १९७५ च्या सकाळी ते स्वतःच्या पायांनी 'दोई-कोदी' या लष्करी चौकशी केंद्रात गेले. त्याच दिवशी तेथे त्यांचा मृत्यू झाला. वय अवघे ३८. लष्कराने जाहीर केले : आत्महत्या.

६/
पुराव्यादाखल एक छायाचित्र पुढे करण्यात आले. खिडकीच्या गजाला बांधलेला गळफास, त्यात अडकलेला देह; पण गुडघे वाकलेले आणि पाय जमिनीला टेकलेले! जे छायाचित्र संशय मिटवण्यासाठी होते, त्यानेच तो वाढवला.

७/
३१ ऑक्टोबरला साओ पाउलोच्या मुख्य कॅथेड्रलमध्ये सर्वधर्मीय प्रार्थना झाली. कार्डिनल पाउलो एव्हारिस्तो आर्न्स, रब्बी हेन्री सोबेल आणि प्रॉटेस्टंट धर्मगुरू जेम्स राइट एकत्र उभे राहिले. पोलिसांनी रस्ते अडवले, तरी सुमारे ८,००० लोक जमले. सोबेल यांनी आणखी एक निर्णय घेतला होता : ज्यू दफनभूमीत आत्महत्या करणाऱ्यांसाठी जो वेगळा भाग असतो, तेथे हर्झोग यांना पुरायचे नाही. एका थडग्याच्या जागेने सरकारी अहवाल फेटाळला होता.

८/
आता शिक्क्याकडे. तो सिल्दो मेइरेलेस या तरुण कलावंताचा. १९७० पासून तो 'विचारप्रणालीच्या अभिसरणात घुसखोरी' अशा अर्थाच्या नावाची एक कलाकृती करत होता. प्रारंभी त्याने कोका-कोलाच्या परत जाणाऱ्या काचेच्या बाटल्यांवर पांढऱ्या अक्षरांत संदेश छापले. रिकाम्या बाटलीवर ती अक्षरे जवळजवळ दिसत नसत. कारखान्यात पेय भरले की मात्र ती काळ्या पार्श्वभूमीवर उमटत. कंपनीचीच वितरणव्यवस्था तो संदेश घरोघरी नेई.

९/
नोटांमागील तर्कही हाच, पण अधिक धारदार. सेन्सॉरला नेहमी उगमस्थान लागते : छापखाना, संपादक, कार्यालय. हातोहात फिरणाऱ्या नोटेला असा पत्ता नसतो. शिवाय पत्रक फाडून फेकता येते. नोट कोण फाडणार? ती जवळ ठेवणे गैरसोयीचे वाटले, तर सोपा उपाय एकच, ती खर्च करणे. म्हणजे प्रश्न पुढच्या माणसाच्या हाती देणे.

१०/
शब्दयोजनाही पाहण्यासारखी आहे. 'हर्झोगची हत्या झाली' असा दावा शिक्का करत नाही, तो फक्त विचारतो. पण 'कोणी मारले?' या प्रश्नातच आत्महत्येची कथा नाकारलेली आहे. आणि हा प्रश्न होता कशावर? प्रजासत्ताकाचे प्रतीक असलेली स्त्रीप्रतिमा मिरवणाऱ्या, सरकारनेच छापलेल्या कागदावर.

११/
ही युक्ती अगदी नवी नव्हती. पहिल्या महायुद्धाच्या आधी ब्रिटनमध्ये स्त्रीमताधिकारवाद्यांनी पेनीच्या नाण्यांवर, राजा सातवा एडवर्ड याच्या मुखवट्यावर, 'स्त्रियांना मतदान' ही अक्षरे ठोकली होती. असे एक नाणे आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

१२/
मग हे अभिव्यक्तिस्वातंत्र्य की राष्ट्रीय चलनाचे विद्रूपीकरण? नोटेचे मूल्य धारकाचे, पण तिच्यावरील अधिकृत शब्द राज्यसंस्थेचा. त्यामुळे बहुतेक राज्ये येथे कठोर असतात. भारतात रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार राजकीय संदेश लिहिलेल्या नोटेवरील दावा नाकारला जातो. लोकशाहीत अशा नियमाचे समर्थन करता येते, कारण बोलायला इतर जागा असतात. त्या सर्व जागा बंद झाल्या, की खिशातली नोटही व्यासपीठ होते.

१३/
शिक्क्याने राजवट पाडली, असे मानणे मात्र भाबडेपणाचे ठरेल. खरी लढाई हर्झोग यांच्या पत्नी क्लारिस यांनी न्यायालयात लढली. ऑक्टोबर १९७८ मध्ये, हुकूमशाही चालू असतानाच, न्यायाधीश मार्सियो जोझे दे मोरायस यांनी या मृत्यूसाठी राज्यसंस्थेला जबाबदार धरले. पुढच्याच वर्षी आलेल्या सर्वक्षमा कायद्याने मात्र छळ करणाऱ्यांनाही अभय दिले.

१४/
२०१३ मध्ये कुटुंबाला दुरुस्त मृत्यू-दाखला मिळाला. त्यात आत्महत्येऐवजी लष्करी केंद्रातील मारहाणीचे कारण नोंदले गेले. २०१८ मध्ये आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयाने या प्रकरणाचा तपास न केल्याबद्दल आणि दोषींना शिक्षा न दिल्याबद्दल ब्राझीलला दोषी ठरवले.

१५/
एका क्रुझेइरोची ती नोट आज बाजारात चालत नाही. ते चलनच इतिहासजमा झाले. हर्झोग यांचा मृत्यू कसा झाला, हे सरकारी दाखल्यावर यायला ३७ वर्षे लागली. कोणी मारले, या प्रश्नासाठी मात्र अद्याप कोणालाही शिक्षा झालेली नाही.