लेणी तिकडे, प्रती इकडे

हैदराबादच्या पब्लिक गार्डनमधील राज्य वस्तुसंग्रहालयात येणारा बहुतेक प्रेक्षकवर्ग इजिप्तच्या ममीपाशी गर्दी करतो. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांचे जावई नजीर नवाज जंग यांनी ती विकत घेतली, सातव्या निजामांनी ती संग्रहालयास दिली, एवढे ऐकून तो समाधानाने माघारी वळतो. ममीविषयी आमची तक्रार नाही. परंतु मराठी माणसाने येथे आल्यावर प्रथम अजिंठ्याच्या दालनाकडे वळावे, असे आम्हांस वाटते.

निजाम सरकारने १९१४ साली पुरातत्त्व खाते स्थापून गुलाम याझदानी यांना त्याचे प्रमुख नेमले. अजिंठा त्या वेळी याच संस्थानात होते. तेथील भित्तिचित्रांच्या रक्षणासाठी चेक्कोनी व ओर्सिनी हे इटालियन तज्ज्ञ १९२० ते १९२२ या काळात आणविले गेले. सुटू पाहणारा गिलावा त्यांनी भिंतीस धरून ठेवला, हे त्यांचे उपकारच. पण त्यांनी वापरलेली लाख पुढे पिवळी पडली व मूळ रंग तिच्याआड गेले. एका उपायातून दुसरा अपाय निघावा, तसेच हे झाले. प्रतींचे मोल वाढले ते यामुळे.

आणि प्रतींचे दैव तरी कुठे धड! मेजर रॉबर्ट गिल यांनी वर्षानुवर्षे अजिंठ्यास राहून केलेल्या बहुतेक प्रती १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांकडून करवून घेतलेल्या अनेक प्रती १८८५ मध्ये लंडनमध्येच जळाल्या. त्यानंतर लेडी हेरिंगहॅम यांच्या चमूत निजाम सरकारने आपले चित्रकार धाडले. त्यांत सय्यद अहमद होते. हैदराबादच्या दालनातील प्रती याच सय्यद अहमद यांच्या व महंमद जलालुद्दीन यांच्या हातच्या. गुहेतील अंधारात दिव्याच्या तिरिपेने तुकड्यातुकड्यांनी दिसणारी आकृती येथे सावकाश, सबंध पाहता येते.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी संस्थानाचे विभाजन झाले. मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात गेले, कन्नड जिल्हे म्हैसुरात गेले, तेलंगणा आंध्र प्रदेशात आला. अशोकाचे नाव असलेल्या शिलालेखाची मस्की आज कर्नाटकात आहे, सातवाहनकालीन कोंडापूर तेलंगणात, अजिंठा महाराष्ट्रात. आमची उभी हयात सरकारी कागदांत गेली. जिल्हे, दप्तरे, कर्मचारी यांची वाटणी कशी होते ते आम्ही जाणतो. लेणी जिल्ह्याबरोबर गेली, प्रती येथे राहिल्या. त्यामुळे संस्थानाची जुनी, अविभक्त सीमा आज नकाशावर नसली तरी या वास्तूत थोडीफार टिकून आहे.

मराठवाड्यातून आलेल्या पाहुण्यांना आम्ही हैदराबादकर चारमिनार दाखवितो, सालारजंग दाखवितो, बिर्याणीचा आग्रह करतो. नांदेड-परभणीकडच्या त्या माणसांना त्यांच्याच मुलखाच्या चित्रांपुढे नेऊन उभे करावे, हे आम्हांस सहसा सुचत नाही.