निकालावर अनुदान

दौंडहून येणारा लोहमार्ग १८७८ मध्ये मनमाडला मिळाला आणि गाव जंक्शन झाले. त्या काळी मुंबई इलाख्यातल्या खासगी शाळांना सरकारी अनुदान 'निकालानुसार' मिळे. निरीक्षक येई, परीक्षा घेई आणि उत्तीर्ण मुले मोजून रक्कम ठरे. ही कल्पना इंग्लंडमधली, १८६२ सालची. तिकडे वाचन, लेखन, गणित यांपैकी ज्या विषयात मूल नापास होई, त्यामागे दोन शिलिंग आठ पेन्स कापले जात.

समजा, त्या काळातल्या शंभर शाळांचे अनुदान आणि निकाल आपण आलेखावर मांडले. बिंदू बरेचसे एका रेषेत येतील. यावरून 'पैसा वाढवला की निकाल सुधारतो' असे म्हणावे काय? मुळीच नाही. इथे निकाल हे कारण होते आणि पैसा हा परिणाम! ज्या शाळेत शेतमजुरांची मुले अधिक, तिचा निकाल कमी. म्हणून अनुदान कमी. म्हणून शिक्षक कमी पगाराचा. पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

१८८२ मध्ये महात्मा फुले यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिले. प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावा, त्याला किमान बारा रुपये पगार असावा, अशी त्यांची मागणी होती. वर्षातून एकदा येणाऱ्या निरीक्षकाचा फारसा उपयोग नाही. तपासणी निदान दर तिमाहीला व्हावी, शिवाय अधूनमधून पूर्वसूचना न देताही व्हावी, असे त्यांनी सुचवले. मोजमापाचा इतका व्यवहारी विचार आयोगापुढे फार थोड्यांनी मांडला असेल. निकालानुसार अनुदानाची पद्धत मात्र सोडून द्यावी असे सरकारी धोरण ठरायला १९०४ साल उजाडले.

अमेरिकेत १९६६ मध्ये जेम्स कोलमन यांनी सुमारे चार हजार शाळांच्या पाहणीचा अहवाल मांडला. इमारत, ग्रंथालय, खर्च यांपेक्षा घरची परिस्थिती गुणांशी अधिक निगडित दिसली. त्यावरून 'शाळेने काही फरक पडत नाही' असा सोयीचा अर्थ अनेकांनी काढला. प्रत्यक्षात चांगल्या शिक्षकाचा लाभ वंचित मुलांना अधिक होतो, हेही त्याच अहवालात आहे.

मनमाडमधल्या नगरपालिकेच्या, अनुदानित आणि विनाअनुदानित शाळांची तुलना करायची झाल्यास तक्त्यात एक रकाना वाढवावा लागेल. वर्षानुवर्षे पाणीटंचाई सोसलेल्या या गावात, पाणी भरण्यासाठी मूल किती दिवस घरी राहिले? आणि गुण केवळ वर्षअखेरचे नकोत. जूनमध्ये मूल कुठे होते आणि एप्रिलमध्ये कुठे पोहोचले, हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी हवेत.